डायलिसिसचे पाणी : आकडा का हलतो आणि तो हलला की आम्ही काय करतो

आपल्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागाला भेट देणारे स्नेही प्रथम यंत्रांपाशी थांबतात. प्रत्येक यंत्राशेजारी देणगीदाराचे नाव कोरलेली पट्टी आहे आणि ती वाचताना पाहुण्यांच्या चेहऱ्यावर समाधान उमटते. याच विभागाच्या मागील बाजूस, जिन्याखाली, एक लहान दार आहे. त्यामागे काही उंच टाक्या, नळ्या, दाबमापक आणि सतत घुमणारे पंप आहेत. तेथे सहसा कोणी डोकावत नाही. प्रस्तुत लेख त्या दारामागील कामाविषयी आहे.

हा विषय या वर्षीच्या अहवालात घेण्यास एक कारण घडले. गेल्या पावसाळ्यात एके दिवशी पहाटे आम्हाला डायलिसिसची पहिली पाळी सुरू होण्यापूर्वीच थांबवावी लागली. यंत्रे ठीक होती, वीज होती, परिचारिका हजर होत्या आणि नळाला पाणीही होते. तरीही आम्ही रुग्णांना खाटेवर घेतले नाही. त्या दिवशी नातेवाइकांनी विचारलेले प्रश्न रास्त होते. पुढे विश्वस्त मंडळाच्या बैठकीतही ते विचारले गेले. त्यांचे सविस्तर उत्तर देणे हे आम्ही आमचे कर्तव्य समजतो.

पाण्याची एवढी काळजी कशासाठी?

निरोगी माणूस दिवसाकाठी दोन-तीन लिटर पाणी पितो. ते पोटात जाते, आतड्यांतून गाळून रक्तात मिसळते आणि त्यातले अनावश्यक क्षार मूत्रपिंडे लघवीवाटे बाहेर टाकतात. म्हणजे निसर्गाने शरीराच्या दाराशी एक आणि आत एक असे दोन पहारेकरी ठेवले आहेत.

डायलिसिसच्या रुग्णापाशी हे दोन्ही नसतात. त्याची मूत्रपिंडे निकामी झालेली असतात. उपचाराच्या वेळी त्याचे रक्त 'डायलायझर' नावाच्या नळकांड्यातील हजारो केसासारख्या पोकळ तंतूंतून फिरते आणि तंतूंच्या बाहेरून एक द्रव वाहत असतो. या द्रवात काही क्षार मोजून घातलेले असतात, पण त्याचा बहुतांश भाग निव्वळ पाणीच असतो. रक्त आणि हे पाणी यांच्यामध्ये अतिशय पातळ, सच्छिद्र पडदा तेवढा असतो. रक्तातील विषारी द्रव्ये त्यातून पाण्यात उतरतात, हा उपचाराचा गाभा. तथापि छिद्रे दोन्ही बाजूंना सारखीच उघडी असतात. पाण्यात काही अपायकारक असेल तर तेही त्याच वाटेने रक्तात शिरू शकते.

आता प्रमाण पाहावे. हा द्रव साधारणपणे मिनिटाला ५०० मिलिलिटर या वेगाने वाहतो. चार तासांच्या एका उपचारात तो १२० लिटर होतो. आठवड्यातून तीन वेळा उपचार घेणाऱ्या रुग्णाच्या रक्ताशेजारून सात दिवसांत ३६० लिटर पाणी जाते. घरातला निरोगी माणूस तेवढे पाणी पिण्यास चार-पाच महिने घेईल.

म्हणूनच पिण्याचे शुद्ध पाणी आणि डायलिसिसचे शुद्ध पाणी या दोन भिन्न गोष्टी आहेत. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आय.एस. १०५०० : २०१२ यात, ॲल्युमिनियमची स्वीकार्य मर्यादा लिटरमागे ०.०३ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोत नसल्यास ०.२ मिलिग्रॅमपर्यंत सवलत आहे. डायलिसिसच्या पाण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानक ०.०१ मिलिग्रॅमच्या वर जाऊ देत नाही. फ्लोराइड पिण्याच्या पाण्यात १ मिलिग्रॅमपर्यंत स्वीकार्य आहे, डायलिसिसला ०.२. पिण्याच्या पाण्यात थोडा क्लोरीन शिल्लक असणे हे सुरक्षिततेचे लक्षण मानतात. डायलिसिसच्या पाण्यात मात्र एकूण क्लोरीन ०.१ मिलिग्रॅमहून अधिक चालत नाही, कारण क्लोरीन आणि विशेषतः त्यापासून बनणारी क्लोरामाइन ही संयुगे रक्तातील तांबड्या पेशी फोडतात. यावरून ध्यानात येईल की जे पाणी आपण घरी निर्धास्तपणे पितो, ते या रुग्णांच्या रक्ताशेजारून तसेच वाहू देणे धोक्याचे आहे.

जिन्याखालच्या खोलीतील पाण्याचा प्रवास

नगरपालिकेचे पाणी प्रथम रुग्णालयाच्या मोठ्या टाकीत येते. तेथून ते वाळूच्या गाळणीतून जाते आणि गाळ मागे राहतो. पुढे 'सॉफ्टनर' येतो. यातील रेझिनचे बारीक मणी पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्याबदली सोडियम सोडतात. जड पाणी असे मृदू होते. मण्यांची धारणशक्ती संपली की त्यांना मिठाच्या पाण्याने धुवून पुन्हा ताजे करावे लागते. म्हणूनच आमच्या खरेदीच्या यादीत मिठाची पोती दिसतात.

त्यानंतर सक्रिय कोळशाच्या, म्हणजे कार्बनच्या, एकामागोमाग दोन टाक्या आहेत. क्लोरीन आणि क्लोरामाइन काढण्याचे काम त्यांचे. पाणी कोळशाच्या सहवासात पुरेसा वेळ राहावे, दोन्ही टाक्या मिळून किमान दहा मिनिटे, असा संकेत आहे. पुढे एक बारीक गाळणी आणि मग 'आर.ओ.' यंत्रणा. येथे पंपाच्या दाबाने पाणी एका सूक्ष्म पटलातून ढकलले जाते आणि विरघळलेले ९५ ते ९९ टक्के क्षार मागे राहतात. हे निर्मळ पाणी साठवण टाकीत येते आणि तेथून एका अखंड वळशाच्या नळीतून सर्व यंत्रांपर्यंत फिरत राहते. मागे राहिलेले क्षारयुक्त पाणी आम्ही शौचालयांसाठी आणि फरशा धुण्यासाठी वापरतो.

या मांडणीतील एक विरोधाभास येथे नोंदवणे आवश्यक आहे. क्लोरीन हा पाण्याचा रक्षक असतो, कारण तो जंतूंना वाढू देत नाही. कार्बनच्या टाकीत आपण तो हेतुपुरस्सर काढून टाकतो. म्हणजे त्यापुढचे सारे पाणी क्षारांच्या दृष्टीने शुद्ध, परंतु जंतूंच्या दृष्टीने निराधार असते. तेथून पुढे स्वच्छता राखणे हे सर्वस्वी माणसांच्या हाती उरते.

इतरत्र मोजलेली किंमत

या नियमांमागे जगभरातील रुग्णांनी भोगलेल्या यातना आहेत. १९६० नंतर दीर्घकाळ डायलिसिस शक्य झाले आणि काही वर्षांतच डॉक्टरांना एक विचित्र आजार दिसू लागला. रुग्णांची वाचा अडखळे, हातपाय झटके देत, स्मृती जाई. १९७० च्या दशकात यामागे पाण्यातील ॲल्युमिनियम असल्याचे उघड झाले.

१९९३ च्या जुलैमध्ये अमेरिकेतील शिकागो येथे एका केंद्रात फ्लोराइडमुळे १२ रुग्ण अत्यवस्थ झाले आणि तिघे दगावले. पाण्यातील आयन धरून ठेवणाऱ्या रेझिनची शक्ती संपली होती आणि आधी धरलेले फ्लोराइड त्याने एकदम सोडून दिले होते. १९९६ मध्ये कॅरिबियन समुद्रातील क्युरासाव बेटावर केंद्राला पाणी पुरवणारी नवी नळी टाकण्यात आली. तिला आतून सिमेंटचा लेप होता. त्यातून ॲल्युमिनियम पाण्यात उतरले आणि दहा रुग्णांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी फेब्रुवारीत ब्राझीलमधील कारुआरू गावी, दुष्काळात आटत आलेल्या जलाशयाचे पाणी टँकरने एका केंद्रात आणले जात होते. त्यात निळ्या-हिरव्या शैवालाचे विष होते. ११६ रुग्ण आजारी पडले, त्यांपैकी १०० जणांचे यकृत निकामी झाले आणि सुमारे ५० जणांचा मृत्यू त्या विषामुळे झाल्याचे सिद्ध झाले.

या तिन्ही घटनांत एक साम्य आहे. यंत्रे तीच होती आणि उपचारही तोच होता. पाणी किंवा पाण्याची वाट बदलली होती आणि तो बदल वेळेत कोणाच्या ध्यानात आला नाही.

आपल्याकडील पाणी एकसारखे का नसते?

महाराष्ट्रात तर पाणी ऋतूगणिक बदलते. जून-जुलैमध्ये नदीला गढूळ पाणी येते. ते निवळण्यासाठी जलशुद्धीकरण केंद्रात तुरटीची मात्रा वाढते आणि तुरटी हा ॲल्युमिनियमचाच क्षार आहे. साथीचे रोग टाळण्यासाठी क्लोरीनही वाढवला जातो. हिवाळ्यात पाणी थंड असते. तापमान एक अंशाने उतरले की आर.ओ. पटलातून येणारे पाणी सुमारे तीन टक्क्यांनी घटते, त्यामुळे पटल तुंबल्याचा भास होतो. उन्हाळ्यात नदीचे पाणी कमी पडले की कूपनलिका आणि टँकर यांवर भिस्त येते. भूगर्भातील पाणी बहुधा जड असते. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड अशा जिल्ह्यांतील काही भागांत त्यात फ्लोराइडही आढळते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले, हे आपल्या सर्वांच्या स्मरणात असेल. अशा वर्षी एखाद्या डायलिसिस केंद्राच्या टाकीत सोमवारी आलेले पाणी आणि गुरुवारी आलेले पाणी यांचा स्रोत वेगळा असू शकतो.

सारांश, आमच्या नोंदवहीतील आकडा हलणे स्वाभाविक आहे. तो हलला की शोधायचे असते ते एवढेच : बाहेरून येणारे पाणी बदलले आहे, की आपल्या यंत्रणेचा एखादा टप्पा थकला आहे? दोहोंचे उपाय निराळे असतात आणि चुकीचा उपाय केल्यास पैसाही जातो आणि दोषही तसाच राहतो. आमची रीत अशी की पाण्याचा एकेक टप्पा घ्यावा, त्यात शिरणारे आणि त्यातून निघणारे पाणी तपासावे आणि फरक कोठे पडतो ते पाहावे. गेल्या वर्षातील तीन प्रसंगांवरून हे स्पष्ट होईल.

पहिला प्रसंग : उन्हाळ्यातील चढता आकडा

एप्रिल महिन्यात आर.ओ. नंतरच्या पाण्यातील विरघळलेल्या क्षारांचा आकडा, ज्यास टी.डी.एस. म्हणतात, आठवडाभर चढत गेला. समजण्यास सोपे व्हावे म्हणून येथे ढोबळ आकडे देतो. तो लिटरमागे १२ मिलिग्रॅमवरून २२ वर गेला, म्हणजे जवळजवळ दुप्पट झाला. प्रथम विचार आला तो पटल खराब झाल्याचा. नवी पटले म्हणजे मोठा खर्च.

तंत्रज्ञाने मागची नोंद काढली तेव्हा वेगळेच दिसले. आर.ओ. मध्ये शिरणाऱ्या पाण्याचा आकडाही त्याच दिवसांत ६०० वरून ११०० वर गेला होता. ६०० पैकी १२ पलीकडे जाणे म्हणजे दोन टक्के आणि ११०० पैकी २२ जाणे म्हणजेही दोनच टक्के. पटल पूर्वीइतकेच काम करीत होते. बदलले होते ते बाहेरचे पाणी, कारण नगरपालिकेने पुरवठ्यात कूपनलिकांचे पाणी मिसळण्यास प्रारंभ केला होता. याउलट शिरणारे पाणी ६०० वरच असते आणि निघणारे २२ वर गेले असते, तर दोष पटलाचा अथवा त्याच्या रबरी कड्यांचा ठरला असता. केवळ शेवटचा आकडा लिहून ठेवणाऱ्यास हा भेद कळत नाही. म्हणून आमच्या वहीत आता दोन्ही आकडे आणि त्यांचे प्रमाण रोज लिहिले जाते.

येथवर बातमी चांगली होती. तथापि बाहेरचे पाणी जड झाले की त्याचा भार प्रथम सॉफ्टनरवर पडतो आणि टी.डी.एस. मापक त्याविषयी काहीच सांगत नाही. सॉफ्टनर क्षार काढत नाही, एका क्षाराच्या जागी दुसरा देतो, त्यामुळे तो थकला तरी मापकावरील आकडा जवळपास तोच राहतो. त्यासाठी काठिण्याची वेगळी तपासणी करावी लागते आणि ती सकाळी करून भागत नाही. रात्री मिठाने धुतलेले रेझिन सकाळी ताजेच असते, त्याची कसोटी दिवसाअखेरीस लागते. आम्ही ती तपासणी शेवटच्या पाळीच्या वेळी केली, तेव्हा जडपणा सॉफ्टनर ओलांडून येत असल्याचे आढळले. पाणी दुप्पट जड झाले की सॉफ्टनरची शक्ती निम्म्याच पाण्यात संपते, हा साधा हिशेब आहे. वेळीच कळले नसते तर आर.ओ. पटलावर चुनखडीचा थर बसला असता. त्यापुढे जडपणा रुग्णापर्यंत पोहोचला तर मळमळ, उलट्या, डोकेदुखी आणि रक्तदाब वाढणे असा त्रास होतो. उपाय मात्र अगदी स्वस्तातला होता. पावसाळा येईपर्यंत रेझिन दिवसातून दोनदा मिठाने धुतले गेले.

दुसरा प्रसंग : पावसाळ्यातील ती पहाट

नियमाप्रमाणे पहिली पाळी सुरू होण्यापूर्वी यंत्रणा किमान पंधरा मिनिटे चालवून कार्बनच्या टाकीनंतरचे पाणी क्लोरीनसाठी तपासले जाते. हा नमुना प्रयोगशाळेत पाठवून उपयोग नाही, कारण वाटेतच क्लोरीन उडून जातो. तेथेच, नळाशी, परीक्षानळीत पूड टाकून रंग पाहावा लागतो. पाणी रंगहीन राहिले तर ठीक, गुलाबी छटा आली तर क्लोरीन आहे.

त्या पहाटे पहिल्या टाकीनंतरचा नमुना गुलाबी झाला. दोन टाक्या ठेवण्याचा हेतू हाच की पहिली थकली तरी दुसरी सांभाळून घेते आणि बदल करण्यास अवधी मिळतो. म्हणून लगेच दुसऱ्या टाकीनंतरचा नमुना घेतला. त्याचीही छटा ०.१ मिलिग्रॅमच्या खुणेपलीकडे गेली. नवा नमुना घेऊन आणि पूड बदलून पुन्हा पाहिले, निष्कर्ष तोच आला. परिचारिका प्रमुखांनी पाळी थांबवली.

बाहेर रुग्ण आणि नातेवाईक थांबले होते. कोणी पहाटेच्या पहिल्या एस.टी.ने आले होते, कोणी शेजाऱ्याची जीप ठरवून. एका वृद्ध रुग्णाच्या मुलाने स्टीलच्या पेल्यात नळाचे पाणी घेतले आणि पुढे धरले. "सिस्टर, पाणी तर काचेसारखं आहे. बाबांना रात्रभर दम लागलाय. आता परत न्यायचं का त्यांना?" सिस्टरने त्यांच्यासमोर परीक्षानळीत तेच पाणी घेतले, पूड टाकली आणि रंग दाखवला. "दादा, हे प्यायला चांगलंच आहे. पण बाबांच्या रक्ताला हे चालणार नाही. बाबांना आम्ही परत पाठवत नाही, त्यांची सोय करतो." ज्या रुग्णांना दम लागत होता किंवा ज्यांच्या रक्तात पोटॅशियम वाढल्याची शक्यता होती, त्यांना आमच्या रुग्णवाहिकेतून जवळच्या दुसऱ्या केंद्रात नेण्यात आले. ते वृद्ध गृहस्थ त्यांत पहिले होते. उरलेल्यांना डॉक्टरांनी तपासून थांबवले. दोन्ही टाक्यांतील कोळसा त्याच दिवशी बदलला, बारीक कण निघून जाईपर्यंत धुतला आणि पाणी तीन वेळा तपासून निर्दोष आल्यावर रात्री उपचार सुरू झाले. शेवटची पाळी उजाडता उजाडता संपली. कोणत्याही रुग्णास अपाय झाला नाही.

कारण शोधताना आम्ही प्रथम नगरपालिकेकडे चौकशी केली. गढूळ पाण्यामुळे क्लोरीनची मात्रा वाढवली होती, असे समजले. गावाच्या आरोग्यासाठी ते योग्यच होते, त्यात त्यांचा दोष नाही. दोष आमचा होता. कोळसा बदलण्याची मुदत मार्चअखेरीस संपली होती. त्या वेळी निधीची ओढाताण होती आणि रोजची तपासणी निर्दोष येत होती, म्हणून तो खर्च पुढे ढकलला गेला. साध्या पाण्याला जुना कोळसा पुरत होता, पावसाळ्यातील वाढीव क्लोरीनला तो पुरला नाही. हे आम्ही येथे मोकळेपणाने नमूद करीत आहोत, कारण ज्यांच्या देणग्यांवर आणि विश्वासावर ही संस्था चालते, त्यांच्यापासून ते लपवणे योग्य नव्हे.

क्लोरीन आर.ओ. च्या पटलासही खातो. म्हणून त्यानंतर सहा आठवडे आम्ही पहिल्या प्रसंगात सांगितलेले प्रमाण दिवसातून दोनदा तपासले. ते दोन टक्क्यांवर स्थिर राहिले.

तिसरा प्रसंग : थबकलेले पाणी

तिसरा दोष सर्वांत मूक होता. दर महिन्यास पाण्याचे नमुने जंतूंच्या तपासणीसाठी घेतले जातात. एक मिलिलिटर पाण्यात जंतूंच्या वसाहती शंभराहून कमी असाव्यात आणि पन्नास झाल्या की कारवाई सुरू करावी, असे मानक आहे. हे जंतू डायलायझरच्या पडद्यातून पलीकडे जात नाहीत, परंतु त्यांच्या कवचाचे तुकडे, ज्यांस एंडोटॉक्सिन म्हणतात, ते जाऊ शकतात. त्यांमुळे उपचार चालू असतानाच रुग्णास हुडहुडी भरते, ताप येतो, रक्तदाब उतरतो.

येथे तपासणीची पद्धत फार महत्त्वाची ठरते. शुद्ध पाण्यात राहणारे जंतू उपासमारीला सरावलेले असतात. त्यांना रुग्णाच्या जखमेतील जंतूंसारखे पौष्टिक माध्यमावर, शरीराच्या तापमानात दोन दिवस वाढवू पाहिले तर ते पुष्कळदा उगवतच नाहीत आणि अहवालात समाधानकारक शून्य येते. म्हणून आमचे नमुने अल्पपोषक माध्यमावर, खोलीच्या तापमानाजवळ, सात दिवस ठेवले जातात.

हिवाळ्यात अशा एका तपासणीत वळशाच्या टोकाकडील नमुन्यात वसाहतींची संख्या पन्नासच्या वर गेली. नमुना घेतानाच दोष राहिला असेल असे समजून पाणी काही वेळ वाहू देऊन, नळाचे तोंड निर्जंतुक करून तो पुन्हा घेतला. संख्या तशीच आली. मग एकेका टप्प्यावर नमुने घेतले. आर.ओ. नंतर पाणी स्वच्छ, साठवण टाकीनंतर स्वच्छ, पहिल्या यंत्रांपाशीही स्वच्छ. फरक पडत होता तो भिंतीच्या एका कोपऱ्यानंतर. तेथील एक यंत्र वर्षभरापूर्वी दुसऱ्या जागी हलवले होते आणि त्याच्या जोडणीची हातभर नळी बूच मारून तशीच ठेवली होती. वळशातील पाणी अहोरात्र वाहत असते, या हातभर नळीत मात्र ते थबकले होते. तेथे जंतूंनी बुळबुळीत थर धरला होता आणि वाहत्या पाण्यात ते थोडेथोडे उतरत होते. ती नळी मुळापासून कापली, सारा वळसा निर्जंतुक केला, निर्जंतुकाचा अंश उरला नसल्याची खात्री केली आणि पुन्हा नमुने घेतले. यंत्र हलवताना तिथल्या नळीचा विचार आम्ही केला नव्हता. आता अशा प्रत्येक बदलानंतर पाण्याची तपासणी होते.

थांबवण्याचा अधिकार

या अनुभवांतून आम्ही काही नियम पक्के केले आहेत. कोळसा, रेझिन आणि पटले यांचा खर्च आता वर्षारंभीच बाजूला काढला जातो आणि तो अन्य कामास वळवता येत नाही. दोन टाक्यांपुरता कोळसा कायम भांडारात असतो. स्रोत किंवा औषधमात्रा बदलल्यास दूरध्वनीने कळवावे, अशी विनंती आम्ही जलशुद्धीकरण केंद्रास लेखी केली असून तेथील कर्मचारी ती आस्थेने पाळतात. टँकरचे पाणी तपासल्याशिवाय डायलिसिसच्या टाकीत घेतले जात नाही. ॲल्युमिनियम, फ्लोराइड आणि अन्य धातू यांचे प्रमाण इतके सूक्ष्म असते की टी.डी.एस. मापकावर ते उमटत नाही, म्हणून त्यांचे नमुने बाहेरील प्रयोगशाळेत पाठवले जातात आणि त्यांतील एक खेप पावसाळ्यातच घेतली जाते.

सर्वांत महत्त्वाचा नियम असा की क्लोरीनची तपासणी सदोष आल्यास पाळी थांबवण्याचा अधिकार तेथे उपस्थित असलेल्या तंत्रज्ञास अथवा परिचारिकेस आहे. त्यासाठी त्यांनी पहाटे साडेपाचला डॉक्टरांची किंवा विश्वस्तांची परवानगी मागण्याची गरज नाही आणि त्या निर्णयाबद्दल त्यांना बोल लावला जाणार नाही. विश्वस्त मंडळाने हा ठराव एकमताने संमत केला आहे.

रुग्णांच्या आप्तांस आमची विनंती आहे की उपचार चालू असताना अचानक हुडहुडी, ताप, मळमळ, धाप किंवा पाठीत वा छातीत कळ आल्यास ते तत्काळ परिचारिकेच्या कानी घालावे. एकाच पाळीत दोघातिघांना असा त्रास झाला तर आमची पहिली शंका पाण्यावर जाते आणि आपण दिलेली सूचना साऱ्या कक्षाला उपयोगी पडते. त्या दिवसाची पाण्याची नोंद पाहण्याची इच्छा असल्यास अवश्य मागावी. वही कक्षाच्या दाराशीच ठेवलेली असते.

देणगीदारांस एवढेच निवेदन की यंत्र ही एकदा देण्याची वस्तू आहे आणि पाणी ही रोज देण्याची. कोळशाला, मिठाला, रेझिनला किंवा सात दिवस ठेवलेल्या नमुन्याला नावाची पट्टी लावता येत नाही. तरीही आपण दिलेल्या प्रत्येक यंत्राचे रुग्णाला हितकारक ठरणे त्यांवरच अवलंबून आहे. आपल्या देणगीचा काही अंश 'पाणी शुद्धीकरण देखभाल' या शीर्षाखाली द्यावा, ही नम्र विनंती. या निधीचा जमाखर्च पुढील वर्षीच्या अहवालात स्वतंत्रपणे मांडला जाईल.

त्या पहाटे आलेले वृद्ध गृहस्थ आजही आठवड्यातून तीन दिवस येतात. त्यांचे चिरंजीव आल्यावर प्रथम दाराशी जाऊन वही पाहतात आणि मग वडिलांना आत आणतात. त्यांच्या या सवयीचे आम्हाला मनापासून स्वागत आहे.

आपले स्नेहांकित,
डायलिसिस विभाग